मागच्या दारानं का होईना

"लागला ना एकदाचा? मागच्या दारानं का होईना!"

गेल्या शनिवारी एका काकूंनी हे वाक्य माझ्या बहिणीला ऐकवलं, तेव्हा माझ्या तोंडात त्यांच्याच हातची पुरणपोळी होती. ज्याची पोळी खावी त्याच्याशी ती संपेपर्यंत भांडू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. पोळी संपली तोवर विषय भिशीवर गेला होता. सदर लिहिणाऱ्याला मात्र एक सोय असते. शनिवारचं राहिलेलं भांडण त्याला पुढच्या रविवारी छापून आणता येतं.

माझा मुक्काम सध्या कॅलिफोर्नियात बहिणीकडे आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. तर भाचा शाळा संपल्यावर दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात शिकला आणि आता तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसला चाललाय. काकूंच्या वाक्यातलं 'लागला' ते हे. आणि 'मागचं दार' म्हणजे ते कम्युनिटी कॉलेज. कुठलं, ते सांगत नाही. बहिणीची तंबी आहे.

आता हे दार मागचं की पुढचं, ते एकदा बघून घेऊ. १९६० साली कॅलिफोर्नियानं उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला. क्लार्क कर हे तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि गव्हर्नर पॅट ब्राऊन यांनी त्या कायद्यावर सही केली. शाळेतल्या वरच्या एक अष्टमांश मुलांनी थेट विद्यापीठात जावं, वरच्या एक तृतीयांश मुलांना स्टेट कॉलेजं खुली असावीत आणि जो कुणी येईल त्याला दोन वर्षांच्या कॉलेजात घ्यावं. तिथे नीट अभ्यास करणाऱ्याला तिसऱ्या वर्षाला वर जाता यावं, हेही त्याच आराखड्यात होतं. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. इथे राहणाऱ्याला अभ्यासक्रमाच्या एका युनिटला ४६ डॉलर पडतात. सेमिस्टरच्या हिशेबानं ६० युनिटं भरली की वर जायची तयारी झाली, म्हणजे दोन वर्षांचे २,७६० डॉलर. विद्यापीठाची एकाच वर्षाची फी याच्या पाचपटीच्या घरात जाते, आणि राहणं-खाणं वेगळं. विद्यापीठाचं धोरणच असं, की दर दोन नव्या मुलांमागे एक ट्रान्सफरचा, म्हणजे असा खालून वर आलेला, घ्यायचा. सहा कॅम्पस तर ठरलेले विषय ठरलेल्या मार्कांनी केले की प्रवेशाची लेखी हमी देतात. डेव्हिस त्यातलं एक. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो तेवढी त्या भानगडीत पडत नाहीत. असं हे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी नकाशात काढून, कायदा करून बसवलेलं दार आहे.

पण हे काकूंना सांगून काय उपयोग? खरी गंमत आमच्याच घरात. "मुलगा काय करतो हल्ली?" या प्रश्नाला माझ्या बहिणीनं दोन वर्षं एकच उत्तर दिलं: "घरूनच करतोय." काय करतोय, ते नाही. घरूनच करतोय. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटलं, ऑनलाइन काहीतरी चाललंय. एका बाईंना वाटलं, पोराची तब्येत बरी नसणार. त्यांनी मेतकूट आणि लिंबाचं गोड लोणचं पाठवलं. बहिणीनं ते ठेवून घेतलं आणि खुलासा केला नाही. मुलाची तब्येत बरी नाही असं लोकांना वाटलेलं तिला चाललं, पण तो कम्युनिटी कॉलेजात जातो हे कळायला नको होतं!

याचं मूळ मार्च महिन्यात आहे. मार्चअखेरीला इथल्या शाळकरी मुलांचे थेट प्रवेशाचे निकाल लागतात आणि मराठी मंडळींच्या कपड्यांत क्रांती होते. आई-बाप विद्यापीठाच्या नावाचे जाड स्वेटशर्ट घालून बाजारहाट करू लागतात. ऊन कितीही असो. गाडीच्या नंबरप्लेटभोवती चौकट येते आणि त्यावर विद्यापीठाचं नाव, खाली 'डॅड' किंवा 'मॉम'. स्वतः वालचंदला किंवा व्हीजेटीआयला घासून पास झालेला माणूस पन्नाशीत पोराच्या कॉलेजचं नाव छातीवर घेऊन दोडके निवडत उभा असतो. ट्रान्सफरचे निकाल एप्रिलमध्ये लागतात. तोवर पेढे वाटून झालेले असतात, स्वेटशर्टांचा हंगाम संपलेला असतो आणि कुणी विचारायलाही येत नाही.

आणि आलं कुणी, तर काकूंच्या मैत्रिणीसारखं: "डेव्हिस म्हणजे ते गाईंचं ना?" हो, गाईंचं. १९०५ च्या कायद्यानं विद्यापीठाचं शेत म्हणून काढलेली ती जागा आहे, मुलांच्या हॉस्टेलजवळ आजही गोठा आहे, आणि पशुवैद्यकात जगातल्या पहिल्या रांगेत तिचं नाव घेतात. गाईला माता म्हणणाऱ्यांनी नाक मुरडावं असं त्यात काय आहे, हे मला पुरणपोळीवरचं तूप बघून विचारावंसं वाटलं होतं. पण तो दंडक.

हे मागचं दार किती सोपं असतं तेही सांगतो, कारण मी ते रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाहिलंय. 'असिस्ट' नावाची राज्याची एक सरकारी वेबसाइट आहे. तिथे डाव्या रकान्यात विद्यापीठाचा विषय असतो आणि उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा. पत्रिका जुळवायला बसल्यासारखं भाचा एकेक ओळ तपासायचा. कॅल्क्युलस जमलं. लिनिअर अल्जिब्रा जमलं. पुढच्या ओळीला उजवीकडे लाल मंगळ: 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड'. म्हणजे तुमच्या कॉलेजात या विषयाला जोडच नाही, वर गेल्यावर करा. फिजिक्सची आणखी तऱ्हा. तीन भागांची मालिका असेल तर बरेचदा तिन्ही भाग एकाच कॉलेजात करावे लागतात. पहिला इथे आणि दुसरा शेजारच्या गावी केला, तर दोन्ही वाया जाण्याची धास्ती. त्यातून तो तक्ता प्रत्येक कॅम्पसचा वेगळा. भाच्यानं पाच कॅम्पसचे पाच तक्ते भिंतीला चिकटवले होते. हमीचा अर्ज सप्टेंबरात, मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जानेवारीत पुन्हा मार्कांची ताजी माहिती. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरानं हे सगळं स्वतः सांभाळलं. आई-बापांनी भिंतीवरचे तक्ते तेवढे बघितले.

त्यात भुताटकी. ही माझी कल्पना नाही, इथे खरोखर 'घोस्ट स्टुडंट' म्हणतात. सरकारी मदतीचे पैसे लाटायला टोळ्या खोट्या नावांनी या कॉलेजांत अर्ज करतात. २०२४ मध्ये राज्यभरातल्या अर्जांपैकी पाव हिस्सा तरी बनावट असल्याचा संशय होता. हवा असलेला वर्ग उघडल्या उघडल्या भरलेला दिसायचा. भाचा वेटिंग लिस्टवर, आणि वर्गात बसलेली अर्धी नावं जगात कुठेच नाहीत. आमच्याकडे डमी ॲडमिशनं माणसं घेतात. इथे तेवढेही कष्ट नाहीत.

जी खरी माणसं होती, त्यांच्यातल्या एक बाई मी पाहिल्या. भाच्याच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या जोडीदार, वयानं माझ्या बहिणीपेक्षा मोठ्या. वृद्धाश्रमात रात्रपाळी करून सकाळच्या प्रॅक्टिकलला येणाऱ्या. त्यांना नर्सिंगला जायचं होतं. परीक्षेआधी एका रविवारी त्या घरी अभ्यासाला आल्या, कांदेपोह्यांतली कढीपत्त्याची पानं नीट वेचून बशीच्या कडेला मांडली आणि आमच्या पोराला मोलॅरिटीचं गणित असं समजावलं, की शेजारी चहा पीत बसलेल्या मलाही कळलं. मी मॅट्रिकला रसायनात किती दिवे लावले होते, ते जुन्या वाचकांना माहीत आहे. भाचा थेट विद्यापीठात गेला असता तर पहिल्या वर्षाला तीन-चारशेंच्या वर्गात बसला असता. अशी जोडीदार कुठली मिळायला?

काकूंचे यजमान ज्या फळाच्या कंपनीत आहेत, तिच्या दोन स्टीव्हपैकी वॉझनियाक हा क्युपर्टिनोच्या डी अँझा कम्युनिटी कॉलेजात शिकलेला आहे. तिथून तो बर्कलीला गेला. १९८४ साली दुसऱ्या स्टीव्हनं मॅकिन्टॉश लोकांपुढे ठेवला, तो त्याच कॉलेजच्या फ्लिंट सेंटरच्या रंगमंचावर. टॉम हँक्स हेवर्डच्या शाबो कॉलेजचा. त्यानं तर २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून त्या दोन वर्षांचे आभार मानले. काकूंच्या घरातला प्रत्येक फोन या हिशेबानं मागच्या दारानं आलेला आहे.

आता एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर कुणीतरी पोराला तिथे पाठवून मला जबाबदार धरायचं. वर जायचं म्हणून या कॉलेजांत पाऊल टाकणाऱ्यांपैकी चार वर्षांत प्रत्यक्ष जातात ते साधारण पाचातला एक. राज्याच्याच ऑडिटरनं २०२४ मध्ये हे मांडलं. नोकरी, घरभाडं, बंद पडलेली गाडी आणि ते न जुळणारे तक्ते यांत बाकीचे अडकतात. दार कायद्यानं बसवलेलं असलं तरी उंबरठा उंच आहे. म्हणूनच जो ओलांडून गेला त्याला 'का होईना' म्हणणं मला झोंबलं.

पण सगळ्यात जास्त मला झोंबले ते आमचे मेहुणे. त्या शनिवारी ते समोरच बसले होते आणि काकूंचं वाक्य ऐकून त्यांनी शांतपणे कटाची आमटी वाढून घेतली. आता, मेहुणे स्वतः कोण? दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षं डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. अस्सल ट्रान्सफर! लग्नाच्या बोलणीत हे आम्हाला सांगितलेलं होतं, म्हणून मला ठाऊक. इथे पंचवीस वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पोरालासुद्धा.

परतताना गाडीत मी तो विषय काढला. मागच्या सीटवरून भाचा म्हणाला, "बाबा, म्हणजे तुम्ही पण ट्रान्सफर?" आणि एरवी रस्त्याच्या लेनशिवाय दुसऱ्या कशावर न बोलणारा तो माणूस घर येईपर्यंत बोलत राहिला.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं होतं, "डिप्लोमावाले हात वर करा." नऊ हात वर झाले. सर म्हणाले, "तुम्ही मागे बसा." बारावीवाल्यांचे गणिताचे एम-वन, एम-टू झालेले, आणि हे नऊ जण थेट एम-थ्रीत येऊन पडलेले. फळ्यावर लॅपलास ट्रान्सफॉर्म. पहिल्या चाचणीत मेहुण्यांना वीसपैकी दोन. पण वर्कशॉपला गेल्यावर पारडं फिरलं. बारावीवाल्यांनी लेथ आयुष्यात पाहिलेला नाही, चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब सेंटरला आणता आणता त्यांचा निम्मा तास जायचा, आणि मेहुणे डायल गेज न लावता नुसत्या खडूच्या खुणेवर लावायचे. मशीन ड्रॉइंगचंही तेच. मग हॉस्टेलवर बाजारभाव ठरला. एका असेंब्ली ड्रॉइंगला दोन संध्याकाळी लॅपलास. मार्चपर्यंत मेहुणे एम-थ्रीत पास झाले, आणि ज्यानं शिकवलं तो वर्कशॉपमध्ये.

"मग युनिटं किती ट्रान्सफर झाली?" भाच्यानं विचारलं. मेहुण्यांना प्रश्नच कळेना. मग दोघांनी मिळून हिशेब केला. दहावीनंतर तीन अधिक तीन, सहा वर्षं. बारावीवाल्यांची दोन अधिक चार, तीही सहाच. "एकही वाया गेलं नाही," मेहुणे म्हणाले. इतक्या समाधानानं, की जणू निकाल आत्ताच लागला होता.

मी विचारलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. डिग्री कुठली विचारतात, ती सांगतो. डिग्रीवर काय लिहिलंय का, हा मागे बसायचा म्हणून?"

भाच्याच्याही डिग्रीवर लिहिलेलं नसणार. तिथे डेव्हिसचं नाव येईल, कम्युनिटी कॉलेजचं येणार नाही. गाडीची चौकट बहिणीनं मागवून ठेवली आहे, तिच्यावरही डेव्हिसच. भाच्याचं म्हणणं, एक चौकट मागच्या प्लेटला आणि दुसरी, पहिल्या कॉलेजची, पुढच्या प्लेटला लावू. ती दहा डॉलरांत मिळते. यावर घरात वाद चालू आहे आणि मेहुणे प्रथमच पोराच्या बाजूनं आहेत. आणखी बिघडलं म्हणजे ते आता मंडळाच्या सहलीला एम-थ्रीची गोष्ट सर्वांना सांगणार म्हणतात.

बहीण मला आत बोलावून म्हणाली, "दादा, काय लिहायचं ते लिही. पण यांच्या डिप्लोमाचं नको."

हे सदर तिला दर रविवारी मीच फोनवर पाठवतो. या रविवारी राहून जाईल.