पहिल्या सत्रातील मौन

अभियांत्रिकी महाविद्यालयात नुकताच दाखल झालेला मुलगा चवथीला घरी आला की, माटोळीखाली बसलेली वडीलधारी मंडळी त्याला हटकून विचारतात, "काय, कसे चालले आहे?" "बरे चालले आहे," एवढे बोलून तो विषय बदलतो. या 'बरे'मध्ये पुष्कळ काही दडलेले असते, याकडे आम्ही पालकांचे व प्राध्यापकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात वैद्यकशाळा होती. अभियंता व्हावयाचे तर पुणे, सांगली वा हुबळी गाठावी लागे. गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते १९६७ साली. आज फर्मागुढीच्या टेकडीवर घरच्या भाकरीवर राहून शिकता येते, आणि संगणक शाखेकडे मुलांचा मोठा ओढा आहे. परंतु दार उघडणे निराळे आणि आत आलेल्यास बसावयास पाट देणे निराळे.

संगणक शाखेत पाऊल टाकताच गणित व भौतिकशास्त्र पुन्हा समोर उभे राहतात. त्यांच्या जोडीला आज्ञावली लिहावयाची. एक अर्धविराम राहिला तरी सबंध आज्ञावली अडते. मोजणीदेखील एकापासून नव्हे, शून्यापासून! बारावीपर्यंत तयार उत्तरे घोकून गुण मिळविलेल्यास आपली चूक आपणच हुडकण्याची सवय नसते. त्यात शेजारच्या बाकावरचा मुलगा आठवीपासून घरच्या संगणकावर हेच करीत आलेला. तो प्राध्यापकांना अशा काही परिभाषेत शंका विचारतो की, सत्तरीहून वा काणकोणहून आलेल्या मुलीस वाटावे, हे सर्वांस ठाऊक आहे, मलाच तेवढे नाही. ती गप्प बसते. मग सत्राचा निकाल लागतो आणि घरचे म्हणतात, हिचे डोके या विषयात चालत नाही. वास्तविक कमी पडलेला असतो तो सराव.

हे केवळ आमचे अनुमान नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हार्वी मड महाविद्यालयाने २००६ च्या सुमारास संगणकाच्या पहिल्या पाठ्यक्रमाची फेररचना केली. अनुभवी विद्यार्थी व नवखे यांचे वर्ग वेगळे केले. वर्गात ज्ञान मिरविणाऱ्यांना बाजूला घेऊन गोडीने समजावले. संगणक शाखेच्या पदवीधरांत मुलींचे प्रमाण काही वर्षांतच सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या घरात गेले. आम्ही कलाशाखेचे, आज्ञावलीतले आम्हांस ओ की ठो कळत नाही. पण शिकविण्याची ही रीत आमच्या जुन्या गुरुजींना मुळीच नवी वाटली नसती.

नवागतांसाठी तीन आठवड्यांचा परिचय-कार्यक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ सालीच सांगून ठेवला आहे. ते दिवस स्वागत-सत्कारांत खर्ची घालू नयेत. ज्यांचा हात कळफलकावर बसलेला नाही, त्यांना त्या दिवसांत प्रयोगशाळा मोकळी करून द्यावी. शंका मराठीत वा कोकणीत विचारण्यासही मुभा असावी. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावयाची आहे, ती खुशाल लिहावी. पण प्राथमिक शाळेत ज्या भाषेत बेरीज कळली, त्या भाषेत शंका विचारल्याने शास्त्र बाटत नाही.

आणि पालकांनी यंदा त्या 'बरे'वर समाधान मानू नये. कोणता विषय जड जातो, हे विषयाचे नाव घेऊन विचारावे, आणि उत्तर मिळालेच तर ते रागावण्यापूर्वी पुरते ऐकून घ्यावे.