साहेबांसमोर राग बरा आवरतो

"तसा मनाने फार चांगला आहे हो, फक्त जरा रागीट आहे." असं एखादं माणूस आपल्याकडे घरोघरी असतं आणि त्याची अशी बाजू सावरणारी आई, बायको किंवा बहीणही असते. तो स्वतः सांगतो, "राग आला की मला काही सुचत नाही. पण दोन मिनिटांत सगळं विसरतो, मनात काही ठेवत नाही." त्याच्या मनात राहत नसेलही. ज्याच्यावर तो ओरडला, त्याच्या मनात राहतं.

मध्यंतरी एका परिचितांकडे जेवायला गेले होते. त्यांच्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातून आमटीची वाटी कलंडली आणि वडील असे कडाडले की आतल्या खोलीतून आजी बाहेर आल्या. तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचा. "हो सर. नाही सर, लगेच पाठवतो सर." आवाज एकदम मऊ, शब्द न् शब्द तोलून. फोन ठेवला आणि ओरडणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. मुलगा मान खाली घालून फडक्याने आमटी पुसत होता. आजी फडकं मागत होत्या, तर देईना.

राग आवरतच नाही, हे मला पटत नाही. साहेबांसमोर आवरतो, पोलिसासमोर आवरतो, आपल्याहून दांडग्या माणसासमोर तर हमखास आवरतो. घरात आवरत नाही, कारण तिथे उलट बोलणारं कुणी नसतं. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते असं.

राग एकदाचा बाहेर पडला की माणूस मोकळा होतो, हाही आपला ठाम समज. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी तो २००२ साली तपासून पाहिला. मुद्दाम डिवचलेल्या काही विद्यार्थ्यांना, ज्याचा राग आला त्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं. काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग जास्त राहिला, गप्प बसलेल्यांचा कमी. पुढे २०२४ मध्ये त्यांनी आणि सोफी क्येर्विक यांनी अशा १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. संथ श्वसन, ध्यान, अंग सैल सोडणं यांनी राग उतरतो; धावायला जाऊन उतरत नाही, असं त्यातून दिसलं. कारण साधं आहे. रागात अॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, श्वास उथळ होतो. ओरडून किंवा आदळआपट करून शरीर आणखी तापतं. श्वास सावकाश, लांबवत सोडला की हृदयाची गती खाली येते आणि मग डोकं चालू लागतं.

म्हणून राग चढू लागला की तिथून उठावं. पण दार आपटून नव्हे. "मी जरा बाहेर जाऊन येतो, अर्ध्या तासाने बोलू," एवढं सांगून जावं. बाहेर तेच भांडण मनात घोळवत बसू नये आणि परत येऊन खरंच बोलावं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कित्येक घरांत आरडाओरडा थांबतो आणि आठवडाभराचा अबोला सुरू होतो. त्याला शांत होणं म्हणत नाहीत. रागामागचं गाऱ्हाणं बहुतेकदा खरं असतं. ते शांतपणे मांडलं तरच समोरच्याच्या कानापर्यंत जातं.

लहान मूल आकांत करतं तेव्हा त्याला स्वतःहून शांत होणं अजून जमत नसतं. "आधी गप्प बस!" असं ओरडून ते कसं शिकेल? त्याच्याशेजारी खाली बसावं, कमी बोलावं, आपला आवाज उतरवावा. समजावणं नंतर.

आणि जिथे हात उगारला जातो, तिथे "मनाने चांगला आहे" म्हणणं आजच बंद करा. ती मारहाण आहे. बायकांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतीचे क्रमांक आहेत. ज्याला आपला राग आपल्यालाच झेपत नाही असं वाटतं, त्याच्यासाठी सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरातल्यांनी सांगण्याची वाट न पाहता तो स्वतः लावा.