नादाची मार्जना

गणरायाच्या आगमनाबरोबर सोलापूरच्या पेठापेठांतून मंडप उभे राहतात आणि मंडपांच्या दोन्ही अंगांस सबवूफरच्या पेट्या विराजमान होतात. त्या पेट्यांच्या नावाने बोटे मोडणारे वडीलधारे पुष्कळ भेटतात. आमचे मत किंचित निराळे आहे. दोष पेटीचा नाही. ती न जुळविता वाजविण्याचा आहे.

मृदंग वाजविण्यापूर्वी वादक त्याच्या डाव्या तोंडास, म्हणजे धुम्यास, ओली कणीक लावतो. कणीक वाढविली की नाद खाली उतरतो, खरवडली की वर चढतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात पुष्करवाद्यांस नदीकाठची माती लावून स्वर साधण्याचा विधी सांगितला आहे. त्यास ‘मार्जना’ म्हणतात. सबवूफरचेही शास्त्र याच जातीचे. पेटीस जी नळी असते तिची लांबी वाढविली, वा पेटीचे पोट मोठे केले, की घुमारा अधिक खालच्या स्वरात जातो. नळीची पेटी खर्ज भरघोस देते. बंद पेटी थोडका, परंतु नेमका देते. नृत्यगीतास पहिली शोभेल, कीर्तनास दुसरी.

गतवर्षी एका मंडपात आम्ही कीर्तनास उभे राहिलो, तो पूर्वरंगातील शब्दच घुमाऱ्यात बुडाले. निरूपण ऐकू येईना म्हणून मागच्या रांगेतील आजीबाई उठू लागल्या. तेव्हा ध्वनियंत्रणा पाहणाऱ्या तरुणाने नळीत सोलापुरी टॉवेलची गुंडाळी घट्ट बसविली व पेटी कोपऱ्यातून पुढे ओढली. घुमारा ओसरला, शब्द मोकळे झाले, आजीबाई पुन्हा बसल्या. प्रसादाचा पहिला नारळ आम्ही त्या तरुणाच्या हाती दिला.

घरी पेटी असेल त्यांनीही ती कोपऱ्यात ठेवू नये. तेथे खर्ज फुगतो. क्रॉसओव्हरचे बटण ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावे, म्हणजे गायकाच्या आवाजावर पेटीचे आक्रमण होत नाही. मग आवडीचा एक अभंग लावून डोळे मिटून ऐकावा. धुमा जाणवावा, पण शब्द झाकला जाऊ नये, एवढीच कसोटी. रुची ज्याची त्याची हे खरे. भिंत मात्र शेजाऱ्याचीही असते.

यंदा मंडळांनी पेट्यांची संख्या वाढविण्यापूर्वी आहेत त्या जुळवून घ्याव्यात, आणि वडीलधाऱ्यांनी तरुणांवर नुसते रागावण्याऐवजी त्यांना ही मार्जना समजावून सांगावी, अशी आमची विनंती आहे.