आठवा बिट कोणाचा?

मराठीची लिपीच अवघड, संगणक तरी काय करणार, असे आमच्या साहित्यवर्तुळात आजही चांगली शिकलेली माणसे म्हणतात. आम्हांला हे मान्य नाही. लिपीकडे बोट दाखवण्यापूर्वी ही एक जुनी बळकावलेली जागा पाहावी.

१९६३ साली आलेल्या आस्की संकेतात १२८ जागा होत्या. त्यांना सात बिट पुरतात. बाइट मात्र आठ बिटांचा रूढ झाला. इंग्रजीला आठवा बिट नकोच होता. मग टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, ईमॅक्ससारख्या एडिटरांसाठी तो मेटा नावाच्या कळीला (आजची ऑल्ट) देऊन टाकला गेला. मेटासह अक्षर दाबले की त्याच्या क्रमांकात १२८ मिळवायचे आणि ती आज्ञा समजायची. शेजारी गावाला गेला म्हणून त्याच्या अंगणात गोठा बांधावा, तसेच हे.

रोमन 'एच'चा क्रमांक १०४. मेटासह तो २३२ होतो. १९९१ च्या इस्की या भारतीय प्रमाणात २३२ म्हणजे हलन्त! म्हणजे आम्ही जोडाक्षर लिहावे आणि एडिटरने हुकूम ऐकावा.

१९९२ च्या यूटीएफ-८ मध्येही हे भांडण मिटले नाही. तेथे 'क' तीन बाइटांचा : २२४, १६४, १४९. जुनी मेटा-व्यवस्था चालू असलेल्या ईमॅक्सला त्या तीन आज्ञा वाटतात. त्यांतली मधली म्हणजे मेटा आणि डॉलर, अर्थात 'या शब्दाचे शुद्धलेखन तपास'. एवढा विनोद आमच्या व्याकरणकारांनाही सुचला नसता.

वास्तविक उपाय साधा होता आणि जुनाच होता : मेटाने आठव्या बिटाला हात न लावता अक्षराआधी एस्केपचा संकेत पाठवावा. किंमत एवढीच, की नुसते एस्केप दाबल्यावर पुढे काही येते का, हे पाहायला एडिटर क्षणभर थांबू शकतो. हा क्षणभराचा विलंब विरुद्ध आमचा हलन्त, असा हा हिशेब आहे. यात देवनागरीचा अवघडपणा कुठे आला?

'ही तंत्रज्ञांची बाब' म्हणून हात झटकणाऱ्या प्राध्यापकांवर आमचा अधिक राग आहे. लिपीचा इतिहास शिकवताना आपण ब्राह्मीपासून निघतो आणि मोडीपाशी येऊन थांबतो. त्या मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. यूटीएफ-८ मध्ये तिचे प्रत्येक चिन्ह चार बाइटांचे आहे, आणि चारही बाइटांत आठवा बिट वापरलेला आहे.