मृगाआधी शेडमधलं ऑईल तपासा

पाऊस आता आठ-पंधरा दिवसांवर आला आहे. पेरणीच्या घाईत ट्रॅक्टरचं ऑईल बदलायचं आठवेल आणि हात आपोआप शेडच्या कोपऱ्यातल्या अर्ध्या कॅनकडे जाईल. गेल्या वर्षीचा, कदाचित त्याच्याही आधीचा. तो इंजिनात ओतण्याआधी पाच मिनिटं थांबा. ट्रॅक्टर, पॉवर टिलर, डिझेल पंप, मळणी यंत्र, मोटरसायकल, ज्याच्या दारात इंजिन आहे त्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे.

‘तेल जमिनीत कोट्यवधी वर्षं होतं, ते माझ्या शेडमध्ये तीन वर्षांत कसं नासेल?’ हा प्रश्न पारावर हमखास निघतो आणि बिनतोड वाटतो. पण कॅनमध्ये असतं ते नुसतं खनिज तेल नव्हे. त्यात साधारण दहा ते वीस टक्के रसायनं मिसळलेली असतात. काजळी धरून ठेवणारी, गंज अडवणारी, फेस मारणारी, धातूवर धातू घासू न देणारी. इंजिन वाचवतात ती हीच, आणि बिघडतातही आधी हीच. उन्हाळ्यात तापून हिवाळ्यात गार होताना काही तळाशी बसतात, काही पाण्याशी गाठ पडून निकामी होतात. वरचं तेल मात्र सोनेरीच दिसत राहतं.

कंपन्या सीलबंद कॅनला साधारण दोन ते पाच वर्षं देतात. माझं मत विचाराल, तर घरात सावलीला ठेवलेला तीन वर्षांचा सीलबंद कॅन, तेल स्वच्छ दिसत असेल तर, खुशाल वापरा. ‘जुना आहे, फेकून द्या’ असं कोणी म्हणालं तरी घाबरू नका. सील फोडलेल्या कॅनचा हिशेब मात्र वेगळा. तो एका हंगामात संपवावा. बहुतेक कॅनवर मुदत संपल्याची तारीख नसते, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. तेवढं वाचा आणि झाकण उघडाल त्या दिवशीची तारीख मार्करने डब्यावर लिहून टाका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बॅरलमध्ये. चार-पाच जणांत मिळून २१० लिटरचं बॅरल आणायची पद्धत चांगली आहे, पैसे वाचतात. पण ते बॅरल अंगणात उभं ठेवलं जातं. पहिल्या पावसात वरच्या कडेच्या आत पाणी साठतं, बुचाभोवती डबकं होतं. दिवसा पत्रा तापतो, आतली हवा फुगते आणि बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर पडते. रात्री गारवा आला की तीच हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. त्या वेळी बुचावर हवा नसते, पाणी असतं. बूच कितीही आवळा, रोज रात्री घोट-घोट पाणी आत जात राहतं. ते तळाशी बसतं, आतून गंज धरतं, आणि नळ खालच्या बाजूला असेल तर पहिल्यांदा तेच इंजिनात येतं. म्हणून आजच बॅरल छपराखाली घ्या. जागाच नसेल तर लाकडी ओंडक्यांवर आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं, म्हणजे ती आतून तेलाखाली राहतात आणि हवा ओढायला वाट उरत नाही. कोकणात हे सगळ्यांत तातडीचं. तिथल्या दमट हवेत बंद शेडसुद्धा पुरत नाही, बॅरल जमिनीपासून उचललेलं हवं.

तपासायचं कसं? बोटावर चोळून काही कळत नाही, कितीही जुना मेस्त्री असो. कॅन न हलवता थोडं तेल काचेच्या बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. दुधाळ दिसलं तर पाणी आहे. कॅन रिकामा करताना तळाशी चिकट गाळ निघाला तर रसायनं खाली बसली आहेत. दोन्ही वेळा ते तेल बाद. शंका उरली तर जुनी पळी घराबाहेर गरम करा (धूर येईल इतकी नको), तोंड लांब ठेवून त्यावर दोनच थेंब टाका. तडतडलं तर पाणी. तडतडलं नाही म्हणून तेल उत्तम, असं मात्र समजू नका.

तेल चांगलं असूनही चुकीचं असू शकतं. ट्रॅक्टरचं शिल्लक ऑईल मोटरसायकलमध्ये घालू नका. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच तेलात भिजतो, त्याला ‘जासो एमए’ लिहिलेलं तेल लागतं. बीएस-६ डिझेल पिकअपच्या धुराड्यात काजळीचा फिल्टर असतो, तो जुन्या दर्जाच्या तेलाच्या राखेने तुंबतो. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत दर्जा छापलेला असतो, कॅनवरही असतो. दोन्ही जुळवून पाहा.

गवत कापायच्या मशीनसाठी टू-टी ऑईल घालून ठेवलेलं गेल्या वर्षीचं पेट्रोल तर मुळीच वापरू नका. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी वाढलं की पाण्यासकट इथेनॉल तळाशी उतरतं आणि ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. मशीन खालून ओढते, म्हणजे वंगणाशिवाय फिरते. महिनाभरात संपेल एवढंच मिश्रण करा.

आता बाद तेलाचं काय? विहिरीजवळ, ओढ्यात, गटारात नको. न वापरलेलं बाद तेल नांगराच्या फाळाला, कुळवाच्या पासेला हलकं पुसून गंज थांबवता येतो. बाकीचं आणि इंजिनातून काढलेलं काळं ऑईल वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्या. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर आहे. दारावर येऊन जास्त भाव देणाऱ्या अनोळखी माणसाला ते विकू नका. १९५९ साली मोरोक्कोत अमेरिकी हवाई तळावरचं शिल्लक पडलेलं जेट इंजिनाचं तेल व्यापाऱ्यांनी विकत घेतलं आणि खाद्यतेलात मिसळलं. मेकनेस आणि आसपासची सुमारे दहा हजार माणसं लुळी पडली. आपल्याकडे नेहमीचा धोका वेगळा आहे: गाळलेलं काळं ऑईल नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून पुन्हा विकलं जातं. म्हणून रिकामा कॅन भंगारात देण्याआधी कोयत्याने चिरा. आणि कुठलंही ऑईल पाण्याच्या बाटलीत किंवा गोडेतेलाच्या डब्यात ठेवू नका, घरात लहान मूल असो वा नसो.

दुधाळ किंवा गाळाचं तेल आधीच ओतून झालं असेल, तर इंजिन ‘जरा चालवून बघू’ म्हणून सुरू करू नका. चेंबरचं खालचं बूच उघडून सगळं काढा, ऑईल फिल्टर बदला, ताजं तेल भरा. ओतून पंप चालवलाही असेल, तर आत्ता बंद करा आणि फिटरला बोलवा. बेअरिंग अजून शाबूत असण्याची शक्यता आहे.