विश्लेषण : पत्नी शर्यतीत, पती चाकणच्या शिफ्टमध्ये; घरच्यांना शर्यत दिसणार कशी?

सायकलच्या शर्यती बहुधा रविवारी सकाळी असतात. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी मात्र गुरुवारी. त्यामुळे एखादी सायकलपटू राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेसाठी बाहेरगावी असते, तेव्हा तिचा नवरा कंपनीच्या बसमध्ये किंवा मशीनवर असतो. शॉपफ्लोअरवर फोन न्यायची परवानगी नसेल, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत काहीच कळत नाही. फोन हातात आला, तरी बघायचे काय हा प्रश्न उरतोच. क्रिकेटचा गल्लीतला सामनाही आज अ‍ॅपवर चेंडूगणिक दिसतो. महिलांची ८० किलोमीटरची सायकल शर्यत कुठेच दिसत नाही.

रात्रपाळीहून येणाऱ्या नवऱ्याची वाट बघणे या पट्ट्यातल्या बायकांना नवे नाही. आता काही घरांत वाट बघणारा बदलला आहे, एवढेच.

ठिपका कसा चालतो, आणि का थांबतो?

घरच्यांचे पहिले साधन म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचे लाइव्ह लोकेशन. ते १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास सुरू ठेवता येते. स्ट्रावाचे बीकन, गार्मिनचे लाइव्हट्रॅक ही याचीच थोडी प्रगत रूपे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. जागा उपग्रहावरून कळते, त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. पण ती जागा घरापर्यंत पोहोचवायला रेंज लागतेच. त्यामुळे घाटात ठिपका थांबला, तर बहुतेक वेळा टॉवर सुटलेला असतो, सायकल नव्हे. ठिपक्यापेक्षा 'शेवटची नोंद किती मिनिटांपूर्वीची' हे आधी बघावे. हे माहीत नसल्याने कितीतरी जणांचा जीव विनाकारण टांगणीला लागतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. हँडलवरचा सायकल संगणक स्वतः इंटरनेटला जोडलेला नसतो, तो खिशातल्या फोनच्या आधाराने माहिती पाठवतो. शर्यतीत फोन बरोबर न्यायचा नसला, की फोन राहतो बॅगेत. म्हणजे सरावाच्या दिवशी दिसणारा ठिपका नेमका शर्यतीच्या दिवशी गायब! सायकलच्या पुढच्या फोर्कला चिप लावलेली असते खरी, पण ती फक्त वेळ मोजणाऱ्या रेषेवरून गेल्यावरच नोंद करते. मधल्या ६०-७० किलोमीटरबद्दल ती काही बोलत नाही.

निकालाचा कागद वाचायचा कसा?

शर्यत संपल्यावर कुणीतरी निकालाच्या कागदाचा फोटो पाठवतो. तो वाचता आला नाही, तर घरी उगाच सुतक पाळले जाते. '३८ वी' दिसले की घरचे गप्प होतात. पण एकाच घोळक्यातून रेषा ओलांडणाऱ्या सर्वांना एकच वेळ दिली जाते. ३८ व्या क्रमांकासमोर विजेतीइतकीच वेळ असेल, तर ती शेवटपर्यंत पुढच्या घोळक्यात टिकली होती, एवढाच त्याचा अर्थ. सहकारी खेळाडूला वाऱ्यापासून आडोसा देणे, पळून गेलेल्यांचा पाठलाग करणे ही तिची जबाबदारी असेल, तर तिने काम चोख केले. 'डीएनएफ' म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही. पण ते अपघाताचेच चिन्ह नव्हे. छोट्या वर्तुळाकार मार्गावर एक फेरी मागे पडलेल्यांना पंचच थांबवतात. 'ओटीएल' म्हणजे ठरलेल्या वेळेत न पोहोचणे. 'डीएनएस' म्हणजे सुरुवातच न करणे. हे दिसले तर मात्र फोन करावा.

मधले अंतर कळत असेल, तर घरबसल्या हिशेबही करता येतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने एका मिनिटात साधारण ६६७ मीटर कापले जातात. पुढे पळालेल्या गटाची एक मिनिटाची आघाडी मोडायला घोळक्याला १० किलोमीटर लागतात, असा सायकलिंगमधला जुना ढोबळ नियम आहे. १० किलोमीटर उरले आणि आघाडी दोन मिनिटांची असली, तर पुढच्या गटाला संधी आहे.

हा हिशेब चुकला की काय होते, हे २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये जगाने पाहिले. १३७ किलोमीटरच्या महिलांच्या शर्यतीत ऑस्ट्रियाची अ‍ॅना कीझेनहोफर सुरुवातीलाच पुढच्या गटात निघाली आणि शेवटी एकटी पळाली. ती गणिताची संशोधक, कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नसलेली. ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंच्या कानात रेडिओ नसतो. सव्वा मिनिटाने मागून आलेल्या नेदरलँड्सच्या अ‍ॅनेमीक व्हान व्ह्लूटेनने रेषेवर हात उंचावले. सुवर्ण आपलेच, असे तिला वाटले होते. घरी टीव्हीसमोर बसलेल्यांना जे दिसत होते, ते रस्त्यावरच्या जगज्जेत्या खेळाडूला ठाऊक नव्हते. आपल्याकडे याच्या उलट आहे. रस्त्यावर निदान पंचांच्या गाडीला सगळे माहीत असते, घरी काहीच नाही.

प्रक्षेपण ही चैन आहे का?

नाही. ऑलिम्पिकमध्ये महिलांची रोड रेस १९८४ मध्ये आली, महिलांची 'तूर द फ्रान्स फाम' आजच्या स्वरूपात २०२२ मध्ये. या मधल्या काळात 'बघणारेच नाहीत, म्हणून दाखवत नाही' हेच उत्तर दिले जाई. दाखवलेच नाही तर बघणार कोण, हे विचारायला बराच वेळ गेला. अखेर आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२० पासून महिलांच्या वर्ल्ड टूर शर्यतींना किमान ४५ मिनिटांच्या थेट प्रक्षेपणाची अट घातली. ती न पाळल्याने इटलीची प्रतिष्ठित 'जिरो रोझा' २०२१ साठी वरच्या दर्जातून खाली उतरवली गेली. इतक्या मोठ्या शर्यतीला धक्का दिल्यावर बाकीचे आपोआप सुधारतात.

पुण्यात १९ ते २३ जानेवारी २०२६ दरम्यान 'पुणे ग्रँड टूर' झाली. सुमारे ४३७ किलोमीटर, चार टप्पे, यूसीआयचा २.२ दर्जा. त्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले, वाहतूक थांबवली गेली, पिंपरी-चिंचवडकरही रस्त्याच्या कडेला उभे राहिले. शर्यत पुरुषांची होती. कोल्हापूर जिल्ह्यातली पूजा दानोळे, नगर जिल्ह्यातली प्रणिता सोमण अशा राष्ट्रीय पदके जिंकणाऱ्या मुली या राज्यात असताना त्याच बंद केलेल्या रस्त्यांवर महिलांचा एकही टप्पा नसावा, हे पटत नाही. रस्ता बंद करण्याचा खर्च आणि त्रास एकदाच होतो. दोन तास आधी महिलांची शर्यत सोडली, तर तो दुप्पट होत नाही.

खरी भीती मंगळवारची

शर्यतीच्या दिवशी निदान पोलीस, रुग्णवाहिका आणि मागून गाडी असते. सरावाला काहीच नसते. पुणे-नाशिक महामार्गावर मोशी ते चाकण किंवा चाकण-तळेगाव रस्त्यावर पहाटेही कंटेनर आणि नव्या गाड्या वाहणारे ट्रेलर थांबत नाहीत. म्हणून बऱ्याच जणी निगडीहून देहूरोड, सोमाटणे करत जुन्या महामार्गाने लोणावळ्याकडे निघतात. तिथेही कडेची पट्टी कुठे रुंद, कुठे गायब. घरी बसलेल्याचे डोळे ठिपक्यावर खरे तर त्या मंगळवारी खिळलेले असतात. अपघात ओळखून आपोआप संदेश पाठवणारी सोय उपयोगी आहे, पण ती जोरात ब्रेक दाबल्यावरही कधीकधी ओरडते. खोटा इशारा रद्द करायचा कसा, हे दोघांनीही आधी करून पाहावे.

आयोजकांकडून फार मोठी मागणी नाही. पंचांच्या गाडीत एक स्वयंसेवक बसवावा. दर १० किलोमीटरला पुढच्या गटाचे क्रमांक, मागच्यांशी अंतर आणि शर्यत सोडलेल्यांचे क्रमांक त्याने एका व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवर टाकावेत. निकाल बक्षीस समारंभाआधी यावा. नोंदणी अर्जात 'आपत्कालीन संपर्क' हा रकाना असतोच; त्या नंबरवर फोन करण्याचे काम कुणाचे, हे शर्यतीच्या आदल्या संध्याकाळच्या बैठकीत नाव घेऊन ठरवावे. आणि त्या रकान्यात चाकणच्या नवऱ्याने स्वतःच्या मोबाइलबरोबर कंपनीच्या गेटचा नंबरही लिहून द्यावा. त्याचा फोन लॉकरमध्ये असणार आहे.