फायर अलार्मच्या बॅटरीला पेडण्याचा पाऊस मोजता यायला हवा

पेडण्यातल्या कोरगावात पावसाळ्यात लाईट जाते ही काही बातमी नव्हे. माडाची झावळी तारेवर पडते, अंधार होतो, घरचा इन्व्हर्टर चालू होतो आणि माणसे कामाला लागतात. हरमल-मांद्र्याच्या बाजूला जी गेस्टहाऊस उभी राहिली, त्यांतल्या काहींच्या भिंतीवर मात्र एक लाल पेटी असते. फायर अलार्मचे पॅनल. लाईट गेल्यावर ते जागे राहते ते पोटातल्या दोन बॅटऱ्यांवर. त्या किती तास पुरतील, हे कुणीतरी कागदावर मांडलेले असायला हवे. बहुतेकदा तो कागदच कुठे सापडत नाही.

हिशेब शाळकरी आहे. समजा, शांत असताना पॅनल आणि धुराचे सेन्सर मिळून 0.35 अँपिअर खातात. चोवीस तासांचे झाले 8.4 अँपिअर-तास (एएच). भोंगे वाजू लागले की खप 1.2 अँपिअरवर जातो. अर्ध्या तासाचे 0.6. बेरीज 9. बॅटरी जुनी होते, तिची ताकद घटते, म्हणून सव्वापट धरायचे: 11.25. म्हणजे 12 एएचची बॅटरी हवी.

बसवलेली असते 7 ची. वर समजावले जाते, ‘दोन आहेत ना, चौदा झाले.’ नाही झाले. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की व्होल्ट चोवीस होतात, एएच सातच राहतात. ही बॅटरी कोरी असतानाच वीस तासांत रिकामी होईल आणि भोंग्यासाठी काहीच उरणार नाही.

मुळात हे चोवीस तास तरी कुठले? ब्रिटिश मानकात साधारणपणे चोवीस तास जागरण आणि त्यानंतर अर्धा तास भोंगा असा नियम आहे. अमेरिकेतही चोवीस तासच, फक्त भोंगा पाच मिनिटे. पण इथे मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा गोव्याच्या कित्येक भागांत लोकांनी दिवसचे दिवस विजेविना काढले. रिकाम्या पडणाऱ्या इमारतींसाठी ब्रिटिश मानक 72 तासांपर्यंत जाते. पेडण्याला तोच आकडा शोभतो. वरच्याच उदाहरणात तो धरला तर बॅटरी 32 एएचच्या पुढे जाते. खर्च वाढेल, पण एका मोसमात खोल्यांच्या रंगावर जेवढे जातात, त्यापुढे तो काहीच नाही.

आणखी एक गोष्ट या पट्ट्यात घडू शकते. जूनमध्ये पर्यटक जातात, मालक खोल्यांना कुलूप लावतो आणि निघताना काळजीपोटी मेन स्विच खाली ओढतो. पॅनल बॅटरीवर येते, एक-दोन दिवसांत ती संपवते. मग लेड-अॅसिडची ती रिकामी बॅटरी चतुर्थी उलटेपर्यंत तशीच पडून राहते. प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. पुढे कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. ऑक्टोबरमध्ये स्विच वर जातो, हिरवा दिवा लागतो. तो दिवा फक्त लाईट आल्याचे सांगतो. फॉल्टचा पिवळा दिवा लागलाच, तर त्याची पीं-पीं बटण दाबून गप्प केली जाते.

6 डिसेंबर 2025 च्या रात्री हडफड्यातल्या नाइटक्लबच्या आगीत 25 जण गेले, त्यांत बहुतेक तिथेच राबणारे कामगार. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला दहा तान्ही बाळे गेली. अशा प्रत्येक आगीनंतर परवाने तपासले जातात, बाहेर पडायच्या वाटा मोजल्या जातात, आणि ते व्हायलाच हवे. त्याच फेरीत पॅनलचे दार उघडून बॅटरीवरची तारीखही वाचली जावी. पेडणे आणि डिचोलीत अग्निशमन दलाचा दाखला देताना बॅटरीचा हिशेब त्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असलाच पाहिजे, अशी अट घालायला काय हरकत आहे?

मालकालाही हे स्वतः तपासता येते. मोसम सुरू व्हायच्या आधी, पाहुणे नसताना, पॅनलची लाईट पूर्ण एक दिवस बंद ठेवावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी एका सेन्सरला धूर दाखवावा आणि एकाने जाऊन सर्वांत लांबच्या खोलीत, दार लावून, पंखा चालू करून उभे राहावे. तिथे भोंगा अर्धा तास खणखणीत ऐकू आला, तरच त्या खोलीचे बुकिंग घ्यावे.